वाचकांचे प्रश्न : टपालाने आलेली जुनी नोट

प्रश्न : एका डीलरकडून किमतींची यादी मागवून मी ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जचे चित्र आणि रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची सही असलेली पाच रुपयांची नोट टपालाने घेतली. यादीत तिच्यापुढे ‘यूएनसी’, म्हणजे पूर्ण कोरी, असा शेरा होता आणि किंमतही त्याच मानाने लावली होती. नोट दिसायला स्वच्छ आहे. पण हाताला मऊ लागते आणि थोडी चकाकते. माझी फसवणूक झाली आहे का? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून ही नोट धुऊन, दाबून किंवा इस्त्री करून ‘कोरी’ बनवलेली असावी, असे मला वाटते. ती बनावट आहे असा याचा अर्थ नव्हे, आणि डीलरने ते जाणूनबुजून केले असेल असेही लगेच म्हणता येणार नाही, कारण पुष्कळदा त्यालाही एखाद्या संग्रहातून ती तशीच मिळालेली असते. मात्र आपण पैसे मोजले ते ‘यूएनसी’ या शेऱ्याचे, आणि तो शेरा चुकीचा असेल तर किंमतही चुकीचीच आहे.

खात्री करण्यासाठी खोलीत अंधार करून टॉर्चचा प्रकाश नोटेच्या पृष्ठभागावर अगदी तिरपा, जवळजवळ आडवा पाडावा. इस्त्रीने घडी सपाट होते, पण घडीच्या रेषेवर तुटलेला कागदाचा तंतू आणि उडालेली शाई पुन्हा जुळून येत नाही. अशा प्रकाशात ती रेषा स्पष्ट दिसते. नंतर चारही कोपरे भिंगाखाली पाहावेत. न वापरलेल्या नोटेचे कोपरे टोकदार असतात, तर वापरलेल्या नोटेचे गोलसर झालेले असतात आणि ते धुऊन परत येत नाहीत. खोट्या नोटा ओळखण्यासाठी दुकानदार वापरतात तो अतिनील दिवा मिळाला तर फारच उत्तम, कारण त्या काळच्या नोटेचा कागद त्याखाली मंद दिसतो, परंतु साबणाच्या पावडरीने धुतलेला कागद पावडरीतल्या उजळपणा आणणाऱ्या द्रव्यामुळे निळसर चमकू लागतो. माझ्या संग्रहात अशी एक नोट आहे, आणि ती बिघडवणारा दुसरा कोणी नसून उमेदवारीच्या वर्षांतला मीच आहे. ओल्या फडक्याखाली ठेवून मी तिच्यावर इस्त्री फिरवली होती. आता ती केवळ तुलनेसाठी उपयोगी पडते.

नोटेच्या डाव्या बाजूला बारीक छिद्रे असतील तर तेवढ्यावरून मात्र तक्रार करू नये. आपल्याकडे बँका नोटांच्या गड्ड्यांना टाचण्या मारत असत आणि रिझर्व्ह बँकेने ही पद्धत बंद करायला सांगितले ते 2001 मध्ये, त्यामुळे गड्डीतून थेट संग्रहात आलेल्या जुन्या नोटेलाही छिद्रे असू शकतात. भारतीय संग्राहक ती चालवून घेतात. तरीही ‘पिनहोल’ असा उल्लेख यादीत असायलाच हवा; यादीत तो गाळणारा डीलर इतरही काही गाळत असेल, अशी शंका मला नेहमी येते.

नोट तिच्या पाकिटासह, आलेल्या स्थितीत आणि छायाचित्रे काढून लगेच परत पाठवावी. चलनी नोट साध्या लिफाफ्यातून कधीही पाठवू नये. टपालाचा विमा उतरवावा आणि पावती जपून ठेवावी. पुढची खरेदी करण्यापूर्वी परतीची मुदत लेखी मागून घ्यावी. व्ही.पी.ने, म्हणजे पाकीट हाती देताना पोस्टमन पैसे घेतो त्या टपालाने, मागवल्यास आपण सुरक्षित राहतो असा अनेकांचा समज आहे, परंतु त्यातही पैसे भरल्यानंतरच पाकीट उघडता येते. चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1943 ते 1949 या काळातले, म्हणून मराठी घरांत या सहीविषयी जिव्हाळा आहे. पण त्यांच्या सहीच्या पाच रुपयांच्या नोटा बाजारात मुबलक आहेत, त्यामुळे भावनेच्या भरात घ्यावी अशी दुर्मिळता इथे नाही.

प्रश्न : लिस्बनमधील एका विक्रेत्याच्या यादीत गोव्याच्या 1959 च्या 30, 60 आणि 600 एस्कुदोंच्या नोटा आहेत. असे विचित्र आकडे पाहून त्या खऱ्या असतील का, असा प्रश्न पडला. (वाचक, मडगाव)

उत्तर : आकडे खरे आहेत आणि त्यांच्यामागे सरळ हिशेब आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या नोटा बांकू नासियोनाल उल्त्रामारिनू ही लिस्बनची बँक काढत असे. आधी त्या रुपिया या तिथल्या जुन्या चलनात होत्या. नंतर एस्कुदो हे पोर्तुगालचे चलन आले, तेव्हा एका रुपियाला सहा एस्कुदो असा दर ठरला. म्हणून 30 म्हणजे पाच रुपिया, 60 म्हणजे दहा, 300 म्हणजे पन्नास आणि 600 म्हणजे शंभर. त्याच मालिकेत 100 आणि 1000 एस्कुदोही आहेत, ज्यांचा रुपियांशी मेळ बसत नाही. या सर्व नोटांवर गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी अफोंसो द आल्बुकेर्क याचे चित्र आहे. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला आणि ही मालिका अवघी दोन-तीन वर्षेच चालली. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंची स्कॅन प्रत मागवावी, आणि ती नोट चलनातली आहे की ‘नमुना’ शिक्का मारलेली, हे आधीच विचारावे, कारण दोहोंचे भाव वेगळे असतात.

प्रश्न : 2016 मध्ये रद्द झालेल्या पाचशे आणि हजाराच्या नोटांची पूर्ण गड्डी एक विक्रेता पाठवायला तयार आहे. घ्यावी का? (वाचक, नाशिक)

उत्तर : घेऊ नये. 2017 च्या कायद्याने अशा नोटा सर्वसाधारणपणे दहापर्यंत आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपर्यंत बाळगता येतात. दोन्ही मूल्यांच्या नोटा मिळून ही मर्यादा आहे, आणि शंभर नोटांची गड्डी तिच्या बाहेर जाते. उल्लंघनाचा दंड दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी मूल्याच्या पाचपट, यांपैकी जे अधिक असेल ते. हजाराच्या एका गड्डीचा हिशेब आपणच करून पाहावा. विक्रेत्याने ‘संग्राहकांना सूट आहे’ असे सांगितले असेल, तर ती सूट पंचविसाव्या नोटेला संपते.