डर्बीला (एकाच शहरातल्या दोन टीमच्या मॅचला) विरोधी टीमच्या सपोर्टर्समध्ये बसून मॅच बघितली आहे का कुणी? अनुभव कसा होता?

तुम्ही लिहिलंय की मित्राकडे डर्बीचं एक जादा तिकीट आहे पण ते त्याच्या टीमच्या स्टँडमधलं आहे, तर जावं की घरी टीव्हीवर बघावं. मी अशी बसलेय, तेही अॅनफिल्डला, म्हणजे लिव्हरपूल क्लबच्या मैदानावर, म्हणून लिहिते. माझं मत विचाराल तर जा. फक्त डर्बी कुठली आहे ते आधी बघा, त्यावर खाली लिहिलंय, ते वाचल्याशिवाय निघू नका.

मी एव्हर्टनची, म्हणजे लिव्हरपूल शहरातल्या दुसऱ्या क्लबची. नोकरीसाठी लिव्हरपूल शहरात आले तेव्हा फुटबॉल नुसतं टीव्हीवर बघायचे, शेजारी एक आजी राहायच्या, त्या मला गुडिसन पार्कला, एव्हर्टनच्या २०२५ पर्यंतच्या मैदानावर, घेऊन गेल्या आणि तिथून पुढे मी निळीच झाले (एव्हर्टनचा रंग निळा, लिव्हरपूलचा लाल). मॅचच्या आधी तिथे एक मुलगी मैदानाच्या कडेने फिरत प्रेक्षकांत पेपरमिंटच्या गोळ्या फेकायची, जुनी प्रथा आहे, पहिल्याच दिवशी एक गोळी माझ्या मांडीवर येऊन पडली आणि आजी म्हणाल्या झालं, आता तू आमची.

आता या दोन क्लबांचं नातं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. एव्हर्टन आधी अॅनफिल्डवरच खेळायची. मैदानाच्या भाड्यावरून मैदानमालक जॉन होल्डिंगशी वाजलं, १८९२ मध्ये क्लब बाहेर पडला, पार्कच्या पलीकडे गुडिसनला गेला, आणि रिकाम्या मैदानाचं करायचं काय म्हणून होल्डिंगने नवीन क्लब काढला तो लिव्हरपूल. म्हणजे भांडण घरातलंच आहे. दोन्ही मैदानांत एक मैलाचंही अंतर नव्हतं, मध्ये फक्त स्टॅन्ली पार्क. शहराचे लाल भाग आणि निळे भाग असे वेगळे नाहीतच, एकाच घरात बाप लाल आणि आई निळी, मुलं वाटून घेतलेली. ज्या मित्राने मला तिकीट दिलं त्याच्या घरी अगदी हेच. तो आणि त्याचे वडील लिव्हरपूलचे, आई कट्टर एव्हर्टनची, माझ्यापेक्षा जास्त.

तर मॅच २ डिसेंबर २०१८ ची. वडिलांना बरं नव्हतं म्हणून त्यांची सीट मोकळी होती आणि मित्राने विचारलं येतेस का. अटी त्याने आधीच सांगितल्या, निळं काही घालायचं नाही, आमचा गोल झाला तर उठून उभं राहायचं, तुमचा झाला तर बसून राहायचं आणि तोंड मिटून घ्यायचं. हे काही त्याचे लाड नव्हते, तिथल्या मैदानांचा नियमच असतो की घरच्या टीमच्या स्टँडमध्ये पाहुण्या टीमचा सपोर्टर ओळखू आला तर स्टुअर्ड (स्टँडमध्ये व्यवस्था बघणारी माणसं) बाहेर काढू शकतात. आणि काढतातही.

पहिली वीस मिनिटं मला मॅच दिसलीच नाही, मी नुसती आजूबाजूच्या माणसांकडे बघत होते. मग बॉल गोलसमोर आला, आमच्या आंद्रे गोमेझने अगदी जवळून हेडर मारला, त्यांचा गोलकीपर अॅलिसनने कसाबसा हात लावला आणि त्यांच्याच जो गोमेझने लाइनवरून बॉल बाहेर काढला. माझ्या घशापर्यंत आवाज आला होता. दोन्ही हात मी मांड्यांखाली दाबून बसले. आणि त्याच क्षणी मला शेजारच्या म्हाताऱ्या काकांचा चेहरा दिसला, पांढराफटक पडला होता, हात डोक्यावर, डोळे मिटलेले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच आहे. इतकी वर्षं मला वाटायचं की अॅनफिल्डवाले आमच्याकडे तुच्छतेने बघतात, त्यांना डर्बी म्हणजे सहज जिंकायची मॅच, भीती फक्त आम्हालाच. आमच्या स्टँडमधून तसंच दिसतं, कारण लांबून फक्त गाणी ऐकू येतात आणि हलणारे झेंडे दिसतात. मध्ये बसल्यावर कळतं की गाण्यांच्या मधल्या वेळात ही माणसं किती घाबरलेली असतात. शून्य-शून्य जसजसं पुढे सरकत होतं तसतसे काका माझ्याशी बोलायला लागले, मी त्यांचीच आहे असं धरून, की बघ, आज हे काहीतरी करून जाणार, मला माहितीये, हे नेहमी आमच्याविरुद्धच चांगलं खेळतात. अगदी हेच वाक्य आजी गुडिसनला म्हणायच्या! शब्द न शब्द तोच.

शेवट जगाला माहिती आहे. ९६ वं मिनिट. लिव्हरपूलच्या व्हॅन डाइकने मारलेला बॉल नीट बसलाच नाही, सरळ वर हवेत गेला, तो स्वतः वैतागून पाठ फिरवून निघाला होता, आणि बॉल खाली आला तो बरोबर क्रॉसबारवर. आमचा गोलकीपर पिकफर्डने हात लावला, बॉल बारवरून परत खेळात आला आणि त्यांच्या ओरिगीने डोक्याने आत ढकलला. ओरिगी, जो त्या सीझनमध्ये लीगची एकही मॅच खेळला नव्हता, शेवटच्या काही मिनिटांसाठी आत आलेला, आणि ज्याचा घोटा २०१६ च्या डर्बीत आमच्याच फ्युनेस मोरीच्या टॅकलने दुखावला होता. त्यांचा तेव्हाचा मॅनेजर क्लॉप मैदानात पळत जाऊन अॅलिसनच्या गळ्यात पडला, त्याबद्दल नंतर दंडही झाला त्याला.

मी उठले. उठावंच लागतं. काकांनी मला घट्ट मिठी मारली आणि ते रडत होते, मीही रडत होते, त्यांना वाटलं आनंदाने. मित्र त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता आणि खरं सांगते, त्याच्या चेहऱ्यावर तेवढ्या गदारोळातही माझ्यासाठी वाईट वाटलेलं दिसत होतं. हरण्याचं दुःख मला नवीन नव्हतं. पण दुःख होत असताना त्याच कारणाने कुणालातरी इतका आनंद होताना एवढ्या जवळून, अक्षरशः छातीला छाती लावून, मी कधी अनुभवलं नव्हतं, आणि त्यानंतर मला त्या काकांचा राग धरता आला नाही. लिव्हरपूलचा येतो अजून, भरपूर येतो.

याला लोक फ्रेंडली डर्बी म्हणतात ते मला अर्धंच पटतं. प्रीमियर लीगमध्ये सगळ्यात जास्त रेड कार्ड याच डर्बीत दिली गेली आहेत, तेव्हा मैदानात तरी दोस्ती नाही. पण १९८४ ची लीग कपची फायनल बघा, वेम्बलीवर लाल-निळे स्कार्फ एकमेकांत मिसळून बसलेले आणि शेवटी सगळे मिळून मर्सीसाइड मर्सीसाइड (लिव्हरपूल ज्या भागात येतं त्याचं नाव) ओरडत होते. आणि १९८९, हिल्सबरो स्टेडियममधली चेंगराचेंगरी. त्या दुर्घटनेत लिव्हरपूलचे ९७ सपोर्टर गेले. तेव्हा लोकांनी लाल आणि निळे स्कार्फ एकमेकांना बांधून पार्कमधून एका मैदानापासून दुसऱ्या मैदानापर्यंत साखळी केली होती. त्यानंतरची लिव्हरपूलची पहिली लीग मॅच गुडिसनवर आमच्याशीच झाली, आणि महिनाभरात एफए कपची फायनलसुद्धा आमच्याशीच. आजी त्याबद्दल फार बोलत नाहीत, पण मेलेल्यांवरून कुणी घोषणा दिल्या तर, मग तो आपल्याच स्टँडमधला का असेना, त्या वळून त्याला झापतात. ते मी शिकले त्यांच्याकडून.

२०२१ च्या फेब्रुवारीत आम्ही अॅनफिल्डवर जिंकलो, २-०, रिचार्लिसन आणि सिगर्डसनची पेनल्टी. १९९९ नंतर पहिल्यांदाच! आणि कोविडमुळे स्टेडियम पूर्ण रिकामं. आमचा एकही माणूस तिथे नव्हता आणि गप्प बसलेला त्यांचाही एक माणूस नव्हता. मित्राच्या आईचा फोन आला, आम्ही दोघी फोनवर ओरडलो, मागून मित्राच्या वडिलांचा आवाज येत होता की बाहेर जाऊन बोल. जिंकल्याचा आनंद झालाच, खूप झाला, पण काहीतरी राहून गेलं असं आजही वाटतं. हरणारे समोर नसतील तर डर्बी अर्धीच होते.

अजून एक सांगते. २०२४ च्या एप्रिलमध्ये गुडिसनला ब्रँथवेटचा पहिला गोल झाला तेव्हा आमच्या रांगेतला एक मुलगा सगळ्यांपेक्षा अर्धा सेकंद उशिरा उठला. टाळ्या वाजवत होता पण नजर खाली. मला लगेच कळलं, कारण मी तशीच उठले होते. मी स्टुअर्डला काही सांगितलं नाही, कुणालाच नाही. दुसऱ्या हाफमध्ये कॅल्व्हर्ट-लुइनचा गोल झाला तेव्हा मात्र तो वेळेवर उठला, सरावला होता बिचारा.

आता कुठली डर्बी ते. हे सगळं या शहरात जमतं म्हणून सगळीकडे जमेल असं अजिबात समजू नका. मी अॅनफिल्डला बसले त्याच सुमारास ब्यूनस आयर्समध्ये लिबर्टाडोरेसच्या (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेच्या) फायनलआधी बोका ज्युनियर्सच्या बसवर हल्ला झाला होता आणि त्याच शहरातल्या रिव्हर प्लेटशी फायनलची दुसरी मॅच शेवटी माद्रिदला खेळवावी लागली. अर्जेंटिनात २०१३ नंतर कितीतरी वर्षं पाहुण्या टीमच्या सपोर्टर्सना स्टेडियममध्ये येऊच देत नव्हते. रोममध्ये १९७९ च्या डर्बीत समोरच्या स्टँडमधून उडवलेला फ्लेअर (पेटता फटाका) लागून लाझिओ या तिथल्याच क्लबचा एक सपोर्टर मेला. आपल्याकडे कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅचला १६ जण मेले. त्याच दोन क्लबांचे सपोर्टर ऑगस्ट २०२४ मध्ये डर्बी रद्द झाली तेव्हा आर. जी. कर प्रकरणात न्याय मागायला सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले, तेही खरं आहे. पण मॅचच्या दिवशी चुकीच्या गॅलरीत बसताना १९८० आठवलेलं बरं.

म्हणून मित्राला स्पष्ट विचारा की त्या स्टँडमध्ये आजूबाजूला कोण बसतं, वर्षानुवर्षांची सीझन तिकीटवाली कुटुंबं की उभं राहून गाणारी पोरं. दुसरं असेल तर जाऊ नका, पहिलं असेल तर बिनधास्त जा. रंग साधा घाला, फोनचा वॉलपेपर बदला (हे कुणी सांगत नाही, पण स्कोअर बघायला फोन काढला की शेजाऱ्याला दिसतो), मित्राशी बोलताना आपले-तुमचे असे शब्द टाळा. आणि तुमच्या टीमने गोल केला तर लगेच बुटाची लेस बांधायला खाली वाका, तोंड लपवायला त्याहून चांगली जागा नाही.