सरकारवर टीका करणारं चॅनेल सरकार बंद करू शकतं का?

करू शकतं, पण कायद्याने करायचं तर कागद काढावा लागतो. तुम्ही शिरपूरहून यूट्यूबवर लोकल बातम्या सुरू करताय आणि धास्ती वाटते म्हणताय, म्हणून आधी माझं सांगतो.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सहा वर्षं केबलवर रोज रात्री आठला बातम्या दाखवायचो. उन्हाळ्यात नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी. एका गल्लीतल्या बाया रात्री दोनला उठून ड्रम भरतात, ते शूट केलं आणि त्याच गल्लीच्या पाइपलाइनच्या कामाचं पूर्ण बिल निघाल्याचा कागद सोबत दाखवला. सकाळीच केबलवाल्याचा फोन: "भाऊ, आज बातम्या नका लावू. मना धंदा बुडी जाई." कोणी दम दिला, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याची भीती खोटी नव्हती. 1995 च्या केबल कायद्याने जिल्हाधिकारी आणि प्रांतांनाही प्रक्षेपण थांबवण्याचा, यंत्रं जप्त करण्याचा अधिकार आहे. पण त्यालाही कारणं लागतात, आणि बंदीचा आदेश लागतो.

आदेश निघाला की भांडता येतं. केरळच्या 'मीडियावन' या न्यूज चॅनेलच्या परवान्याचं नूतनीकरण केंद्राने जानेवारी 2022 मध्ये नाकारलं. गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी नाही, एवढंच सांगितलं. कारणं बंद पाकिटात न्यायालयाला दिली, चॅनेलला नाही. 5 एप्रिल 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. सरकारच्या धोरणांवर टीका केली म्हणून चॅनेल व्यवस्थेविरोधी ठरत नाही, असं निकालात स्पष्ट आहे. तो निकाल वाचाच. आपल्या 'लोकशाही मराठी'लाही सप्टेंबर 2023 मध्ये 72 तास बंद ठेवण्याचा आदेश निघाला होता. पुढे जानेवारी 2024 मध्ये परवाना 30 दिवस स्थगित झाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

यूट्यूबवर केबलवाला मध्ये नसतो, पण आयटी कायद्याचं कलम 69अ असतं, ज्याने सरकार ऑनलाइन मजकूर ब्लॉक करायला लावतं, आणि त्यातले आदेश गोपनीय ठेवतात. एप्रिल 2025 मध्ये '4पीएम' हे यूट्यूबवरचं न्यूज चॅनेल असंच ब्लॉक झालं. संपादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे महिन्यात ते परत सुरू झालं.

म्हणून कोणी फोनवर "व्हिडिओ काढा" म्हटलं तर नाव, हुद्दा, वेळ वहीत लिहा आणि त्याच दिवशी ईमेलने लेखी आदेश मागा. मूळ फुटेज दोन ठिकाणी ठेवा. मी त्या सकाळी केबलवाल्याला फक्त "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. आठच्या बातम्या त्यानंतर कधीच लागल्या नाहीत, आणि माझ्याकडे दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नाही.