आईची बोरमाळ मोडायची का? गेलेल्या माणसाची आठवण म्हणून काय ठेवावं, तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आई जाऊन चार महिने झाले. आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ. आईची लग्नातली सोन्याची बोरमाळ आहे, एकच. भाऊ म्हणतो मोडून तीन अंगठ्या करू, म्हणजे कुणाला कमी-जास्त नको. आणि तिची इरकली लुगडी आहेत ट्रंकभर, धाकटीला त्यांची गोधडी करून हवीये, पण मामी म्हणतात गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, सगळे देऊन टाका. मला काहीच सुचत नाहीये. आईची म्हणून नेमकं काय ठेवू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : चार महिने म्हणजे काहीच नाही हो. म्हणून पहिलं हे सांगते की जे केल्यावर परत फिरवता येत नाही ते इतक्यात करूच नका, म्हणजे मोडणं, कापणं, विकणं, देऊन टाकणं, यातलं काहीही. वर्षश्राद्धापर्यंत ट्रंक आहे तशी राहू दे, कुणाचं काही बिघडत नाही.

आता बोरमाळ. भावाचा हेतू चांगला आहे, त्याला भांडण नकोय, पण या दागिन्याच्या बाबतीत मोडण्याने भांडण व्हायची शक्यताच जास्त. जुन्या बोरमाळेचे मणी बहुतेक वेळा भरीव नसतात, सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख भरलेली असते. काट्यावर वजन येतं ते लाखेसकट, आटवल्यावर लाख जाते आणि हातात येतं ते सोनं बघून घरात कुणीतरी म्हणणारच की एवढंच कसं. मग तूट, मग अंगठ्यांची घडणावळ, जीएसटी वेगळा. आणि एवढं करून ज्या तीन अंगठ्या येतील त्या कुठल्याही दुकानातल्या अंगठ्यांसारख्याच दिसतील, त्यात आई कुठेच नसेल. मला हे मनापासून पटत नाही.

त्यापेक्षा पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने ओवून-गाठून देणाऱ्याकडे जा. बोरमाळ ओवलेली असते, ती उलगडून मणी मोजून तिघांत वाटून घेता येतात, काहीही न मोडता. एकीने ते काळ्या मण्यांत ओवून घ्यावेत, एकीने नुसत्या रेशमी दोऱ्यात छोटी माळ करावी, भावाने बायकोसाठी किंवा मुलीसाठी ठेवावेत. समान भाग होत नसतील तर उरलेला मणी थोरल्या नातीला. उलगडायच्या आधी अख्ख्या माळेचा नीट फोटो काढा, आणि ती घातलेला आईचा एखादा जुना फोटो असेल तर त्याच्या तीन प्रती काढून मण्यांबरोबर तिन्ही घरांत ठेवा, नाहीतर अजून एका पिढीने हे मणी कुणाचे होते ते कुणाला कळणार नाही. आणि हॉलमार्क नाही म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नका, 2021 पासूनची हॉलमार्कची सक्ती सराफाच्या विक्रीला आहे, घरातला जुना दागिना ठेवायला आणि घालायला नाही.

मामींचं बोलणं तोडू नका. कपडे देण्यामागे चांगला विचार आहे, अंगावर घालायच्या वस्तू ट्रंकेत कुजण्यापेक्षा गरजवंताच्या अंगावर जाव्यात. पण गेलेल्यांना घराबाहेरच ठेवायचं असं काही आपल्याकडे नाही ना. कितीतरी घरांत देव्हाऱ्यात पूर्वजांचा, वीराचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली छोटी प्रतिमा असते, नाशिकला धुळवडीला हेच वीर वाजतगाजत गोदावरीवर नेतात. आणि आजीच्या लुगड्यांची गोधडी तर आपल्याकडे गावोगाव पांघरलेली आहे. तेव्हा वर्षश्राद्ध झालं की बरीचशी लुगडी मामींच्या हातून द्या, त्यांनाही बरं वाटेल, आणि मोजकी ठेवा.

मोजकी कुठली? आईने सणाला नेसून परत घडी घातलेली नको, रोजच्या वापरातली निवडा, जी धुवून धुवून मऊ झालीत, जिथे तिने स्वतः रफू केलंय, ठिगळ लावलंय. तिचा हात तिथेच दिसतो. एक मात्र बघा, इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर बहुतेक रेशमी किंवा आर्ट सिल्कचा असतो आणि तो अंगाला वेगळा जोडलेला असतो. पदर गोधडीत घालू नका, अशा कापडाला टाक्यांपाशी सुतापेक्षा लवकर चिरा जातात, शिवाय लाल रंग पहिल्या धुण्यात बाकीच्या कापडावर उतरू शकतो. पदर वेगळे काढून मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, अधूनमधून घडी बदला. गोधडीत आत लुगड्यांचेच थर घ्या, फोम-बिम नको, आणि हाताने धावदोरा घालणाऱ्या बाईंकडूनच शिवून घ्या. मिरज-सांगलीकडे अशा बायका अजून आहेत, आसपासच्या गावात चौकशी करा. मशीनवर पटकन होते पण तो मऊपणा येत नाही.

आणि एक लुगडं किंवा चोळी धुवूच नका. पूर्ण कोरडी आहे ना बघून हवा जाणार नाही अशा पिशवीत घालून ठेवा. वास हळूहळू जातोच, पण काही दिवस तरी राहतो आणि या पहिल्या वर्षात त्याची गरज पडते.

प्रश्न : बाबा अचानक गेले. त्यांचा फोन आई रोज चार्ज करून ठेवते, त्यातल्या व्हॉइस नोट्स ऐकते. नातेवाईक म्हणतात नंबर बंद करा, फोन विका, आईला त्यातून बाहेर काढा. काय करू?
– एक मुलगा, पुणे

उत्तर : फोन विकू नकोस. तुझ्या आईची आठवण-वस्तू तिने स्वतःच निवडलीये, ती आवाज आहे, आणि मला विचारशील तर आवाजासारखं दुसरं काही नाही, फोटो दहा सापडतील. फक्त आवाज ही अशी वस्तू आहे की नुसती ठेवून दिली तर आपोआप जाते, म्हणून हे या आठवड्यातच कर. प्रीपेड नंबर 90 दिवस काहीच वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, मग काही काळाने तो दुसऱ्या कुणालातरी मिळतो, आणि आईने एखाद्या रात्री फोन लावला आणि परक्या माणसाने उचलला तर काय होईल विचार कर. वॉट्सॲपचं खातंही साधारण 120 दिवस न वापरल्यास काढून टाकलं जातं. तेव्हा आधी रिचार्ज मार, आणि जमेल तेव्हा कंपनीच्या दुकानात जाऊन मृत्यूचा दाखला देऊन नंबर आईच्या नावावर करून घे.

व्हॉइस नोट्स काढून घे. अँड्रॉइड फोन असेल तर वॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये व्हॉइस नोट्सचं वेगळं फोल्डर असतं, त्यात आठवड्यांप्रमाणे फाइल्स असतात, शेवटी ओपस असं लिहिलेल्या. त्या लॅपटॉपवर घे, एका पेनड्राइव्हवर घे, आणि तुझ्या ड्राइव्हवर पण टाक. म्हणजे तीन ठिकाणी झालं. फाइल्सच्या नावात तारीख असते, पण तू ऐकत ऐकत स्वतः नावं दे, 'भाजी आणायला सांगतायत', 'माझ्या रिझल्टचा दिवस' अशी, आईला हवी ती लगेच लावता येईल. ऐकताना रडू येईल, येऊ दे, एका बैठकीत उरकायची गरज नाही.

'बाहेर काढा' म्हणणाऱ्यांना सांग की ती जेवते, झोपते, कामं करते तोवर ऐकू दे तिला. यातलं काही बंद पडलं, खाणं सुटलं, झोप उडाली, तर डॉक्टरांकडे ने, पण त्यासाठी सुद्धा फोन हिसकावून घ्यायची काही गरज नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असते. डोंबिवलीचा आईचा फ्लॅट रिकामा करायचाय, परत जाताना बॅगेत थोडीच जागा उरलीये. भांडी, साड्या, पुस्तकं, काय नेऊ?
– एक मुलगी

उत्तर : तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहा आणि तिच्या हाताने सगळ्यात जास्त झिजलेली वस्तू शोध. बहुतेक घरांत ते लाटणं असतं, नाहीतर मिसळणाचा डबा. डबा स्टीलचा असेल तर धुवून कोरडा करून ने, तिथे तुझा मसाला भर आणि रोज वापर. चांदीची भांडी भावाकडे राहिली तरी चालतील.

रेसिपीची वही असेल तर ती हातातल्या बॅगेत घे, चेक-इनमध्ये अजिबात टाकू नकोस, बॅग हरवली तर वही परत मिळत नाही. निघायच्या आधी खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पानन् पान फोटो काढ आणि भावंडांना पाठव. हळदीचे, तेलाचे डाग आहेत ते तसेच राहू देत. आणि लॅमिनेशन नको, कितीही कुणी सांगितलं तरी, ते परत निघत नाही आणि खालचा कागद खराब होत जातो. शेवटची कोरी पानंही तपास, अशा वह्यांत मागच्या बाजूला दूधवाल्याचा हिशोब, नातवंडांच्या जन्मवेळा, कुणाकुणाचे फोन नंबर लिहिलेले असतात, त्यांचेही फोटो घे.