तत्त्वज्ञान घेऊन पोरगी करणार काय?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

निकालाच्या दिवसांत या मासिकाकडे येणारी बहुतेक पत्रं इंजिनिअरिंग-मेडिकलची असतात. ती शेजारच्या पानावरचे करिअरवाले गृहस्थ बघतात. यंदा तत्त्वज्ञानावरच इतकी पत्रं आली की संपादकांनी गठ्ठा बांधून माझ्याकडे धाडला. तालुक्याच्या कॉलेजात मी आयुष्यभर हाच विषय शिकवला, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. त्यातली पाच पत्रं घेते.

मुलीला बारावी सायन्सला ८६ टक्के आहेत. नीट दिली, पण आता म्हणते बी.ए. करणार, तेही तत्त्वज्ञान घेऊन आणि पुण्यात. माझं कापडाचं दुकान आहे. घरात कुणी कुणाशी धड बोलत नाहीये. तत्त्वज्ञान घेऊन पोरगी करणार काय?
– एक वडील, बार्शी

भाऊ, आधी पोटापाण्याचं बोलू. तुम्ही तेच विचारलंय आणि ते विचारण्यात कमीपणा काही नाही.

नुसती तत्त्वज्ञानाची पदवी बघून कुणी नोकरी देत नाही. गोड बोलून तुमची समजूत काढण्यात अर्थ नाही. पण इतिहास, राज्यशास्त्र, मराठी या विषयांचंही तेच आहे, आणि साध्या बी.एस्सी.चं तरी कुठं वेगळं आहे? पुढं काहीतरी शिकावंच लागतं. तत्त्वज्ञानाच्या मुलांना सगळ्यात मानवणारी वाट कायद्याची. पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं. समोरच्याच्या बोलण्यातला सांधा कुठं निखळलाय हे ओळखायची सवय तिथं रोज कामाला येते. पत्रकारिता, भाषांतर, प्रकाशन, स्वयंसेवी संस्था इथंही माझे विद्यार्थी आहेत आणि आपापलं घर चालवतायत.

प्राध्यापक व्हायचं म्हणत असेल तर मात्र खाली बसून हिशेब करा. एम.ए.ला किमान ५५ टक्के, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, शिवाय आता पीएच.डी.ची अपेक्षा. एवढं करूनही जागा भरल्या जात नाहीत. तासिका तत्त्वावर शिकवणारी, गावोगाव एसटीनं हिंडणारी सेट झालेली माणसं मी पाहिली आहेत. ती कळ सोसण्याची घरची ऐपत आहे का, हे आत्ताच एकमेकांना सांगून टाका.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कॉलेजच्या नावाला भुलू नका. फर्ग्युसन १८८५ सालचं, गुरुदेव रा. द. रानडे तिथं शिकवत, हा इतिहास मोठाच आहे. पण सोमवारी दहाच्या तासाला वर्गावर कोण येणार, हे इतिहास सांगत नाही. पुष्कळ कॉलेजांत तत्त्वज्ञान पहिल्या वर्षापुरतं असतं, आणि स्पेशल, म्हणजे हल्लीच्या भाषेत मेजर, मिळतच नाही. पोरगी प्रवेश घेते आणि दुसऱ्या वर्षी तिला सांगतात, ‘मुलं कमी आहेत, समाजशास्त्र घे.’ तेव्हा दुकान एक दिवस बंद ठेवा आणि तिच्यासोबत जा. ऑफिसात नको, थेट विभागात जा. पूर्णवेळ शिक्षक किती, तिसऱ्या वर्षाला मुलं किती, नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं ऑनर्सचं वर्ष इथं चालतं की नाही, हे विचारा. ग्रंथालयात तत्त्वज्ञानाच्या कपाटाशी जाऊन शेवटचं नवं पुस्तक कोणत्या साली आलंय तेही बघा. तिसऱ्या वर्षाला आठच मुलं असतील तर घाबरू नका, उलट बरं. आठ जणांच्या वर्गात मागच्या बाकावर लपता येत नाही.

आणि तिला एवढंच विचारा: ‘काय वाचलंस म्हणून हे वाटायला लागलं?’ एखादं पुस्तक, एखादा छळणारा प्रश्न तिनं सांगितला तर जाऊ द्या. उत्तर ‘नीटचा कंटाळा आला’ एवढंच असेल तर थोडं थांबवा. कंटाळून आलेली मुलं पहिल्याच सत्रात इथंही कंटाळतात, कारण इथला पहिला पेपर बहुधा तर्कशास्त्राचा असतो आणि तो गणितासारखाच सोडवावा लागतो.

आजोबा कीर्तनकार, घरात ज्ञानेश्वरीचं पारायण असतं. मला तत्त्वज्ञानात बी.ए. करायचंय. मित्र म्हणतात, तिथं सगळं देवाधर्माचंच असतं. आजोबा म्हणतात, तिथं पोरं नास्तिक होतात. नक्की शिकवतात काय?
– बारावी कला, पंढरपूरजवळचं एक गाव

बाळा, मित्र आणि आजोबा दोघांचंही एकाच वेळी खरं असू शकत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. दोघांचंही चूक मात्र असू शकतं. हा झाला तर्कशास्त्राचा पहिला तास.

विषयांची यादी तुला कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल: तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, ज्ञानमीमांसा, भारतीय दर्शनं, ग्रीकांपासून कांटपर्यंतचे पाश्चात्त्य, थोडं राजकीय तत्त्वज्ञान. यादीवरून काही कळत नाही. म्हणून एक तास कसा चालतो तेच सांगते.

न्याय या भारतीय दर्शनातलं अनुमान शिकवायचं असलं की मी फळ्यावर पाच ओळी लिहीत असे. डोंगरावर विस्तव आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथं धूर आहे, हा हेतू. जिथं जिथं धूर तिथं तिथं विस्तव, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर विस्तव आहे, हे निगमन. मुलं निमूट उतरवून घेत. एका वर्षी मागून एक मुलगी म्हणाली, ‘बाई, आमच्या स्वयंपाकघरात गॅस आहे, धूर कुठला?’ वर्ग हसला. मी तिला फळ्याशी बोलावलं आणि म्हटलं, आता सांग, तू यातली कोणती ओळ मोडलीस?

पाचही ओळी शाबूत होत्या. गॅसमुळं ‘जिथं धूर तिथं विस्तव’ याला धक्का लागत नाही. मोडतं ते उलट वाक्य, ‘जिथं विस्तव तिथं धूर’. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, त्यासाठी तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण देतात: विस्तव आहे, धूर नाही. मग धूर येतो कधी? सरपण ओलं असलं की. या आड दडलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. तेवढ्यात दुसऱ्या एकानं विचारलं, ‘आणि पहाटेचं धुकं लांबून धुरासारखं दिसलं तर?’ म्हणजे हेतूच मुळात तिथं नाही. तोही दोष नैयायिकांनी नाव देऊन नोंदलेला आहे, असिद्ध हेत्वाभास. त्या तासाला माझं ठरवलेलं शिकवून झालंच नाही. त्याऐवजी ‘जी मुलं महागडे क्लास लावतात ती पुढं जातात, म्हणजे क्लासमुळं पुढं जातात’ या वाक्याची उपाधी शोधायला सगळे बसले. घरात शिकलेले आईबाप, अभ्यासाला स्वतंत्र खोली, फीचे पैसे... घंटा झाली तरी यादी चालूच होती.

मग प्रत्यक्ष दिसेल तेवढंच मानणारा चार्वाक येतो आणि विचारतो, ‘जिथं जिथं’ असं म्हणायला तू सगळीकडं जाऊन आलास का? आणि वर्षभरानं पाश्चात्त्यांच्या पेपरात अठराव्या शतकातला स्कॉटलंडचा ह्यूम पुन्हा तोच काटा टोचतो: आजवर सूर्य उगवला म्हणून उद्या उगवेल, हे कशावरून? दोघांची गाठ पडली नाही याची मला अजून चुटपुट लागते.

राहिले आजोबा. नास्तिक-आस्तिक होणं ज्याचं त्यानं ठरवायचं, परीक्षेत त्याला गुण नाहीत. शंकराचार्यांवरचा प्रश्न नास्तिकाला उत्तम लिहिता आला पाहिजे आणि चार्वाकावरचा तुला. प्रवेश घेण्याआधी आजोबांजवळ बसून अमृतानुभवातलं सातवं प्रकरण, अज्ञानखंडन, त्यांच्याकडून समजून घे. माउली तिथं समोरच्याचं म्हणणं मांडतात आणि एकेक आधार काढून घेत ते पाडतात. हे तुला रुचलं, तर कॉलेजात तुझं मन रमेल. आजोबांचीही काळजी बहुधा कमी होईल.

यूपीएससीसाठी तत्त्वज्ञानाची पदवी चांगली का? वैकल्पिक विषयाचा अभ्यासक्रम सगळ्यात छोटा असतो म्हणतात.
– एक उमेदवार, लातूर

अभ्यासक्रम आटोपशीर आहे, खरंय. अडीचशे गुणांचे दोन पेपर, एकूण ५००: पहिल्यात भारतीय आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, दुसऱ्यात सामाजिक-राजकीय तत्त्वज्ञान आणि धर्माचं तत्त्वज्ञान. २०१३ पासून सामान्य अध्ययनात नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपरही आहे, तिथं थोडी मदत होते. पण त्यासाठी तीन वर्षांची पदवी घेऊ नका. हा वैकल्पिक विषय कुठल्याही पदवीवर घेता येतो.

मी एफवायला आहे, आश्रमशाळेतून आलो. सर म्हणतात मूळ ग्रंथ वाचा. ग्रंथ इंग्रजीत. एका पानाला एक तास लागतो आणि शेवटी काहीच कळत नाही. सोडून देऊ का?
– धुळे

नको सोडूस. एका पानाला तास लागणं हे या विषयात मंदपणाचं लक्षण नाही. सफाईदार इंग्रजी बोलणारी शहरी मुलं तेच पान दहा मिनिटांत वाचतात आणि त्यांनाही शेवटी काहीच कळलेलं नसतं. फक्त त्यांना ते ठाऊक नसतं.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं १६४१ सालचं चिंतनांचं पुस्तक हातात असेल ना? त्यातलं फक्त पहिलं चिंतन घे, फार पानं नाहीत. मराठीतून वाच म्हणत नाही, इंग्रजीच वाच, पण समासात मराठीत दोनच गोष्टी लिहीत जा: याचं म्हणणं काय, आणि त्याला आधार काय दिलाय. इंद्रियं कधीमधी फसवतात. मग शेकोटीजवळ अंगरखा घालून बसलोय, हे तरी पक्कं का? पण असंच तर स्वप्नातही वाटतं. बघ, तीन वाक्यांत तो कुठून कुठं गेला. परिच्छेदाला एक ओळ लिहिलीस की झालं. आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत बी.ए.चा पेपर मराठीत लिहिता येतो, त्यामुळं हेच समासातलं परीक्षेला उपयोगी पडतं. अपेक्षित प्रश्नसंचाला मात्र हात लावू नकोस, निदान दिवाळीपर्यंत.

आणि मराठीत काही नाही असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. दे. द. वाडेकरांनी संपादलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ साली तीन खंडांत निघाला. तुझ्या ग्रंथालयात तो धूळ खात असेल, मागून घे. मे. पुं. रेगे यांचं जे मिळेल ते वाच. कांटसारखा अवघड माणूस मराठीत सरळ कसा सांगावा, हे त्यांच्याकडून शिकावं. वाईचं ‘नवभारत’, पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं ‘परामर्श’ यांचे जुने अंक चाळ. शिवाय तू खानदेशातला. अमळनेर तुला लांब नाही. प्रताप शेठजींनी १९१६ साली तिथं तत्त्वज्ञान मंदिर उभारलं आणि देशभरातले अभ्यासक तिथं येऊन राहिले. साने गुरुजी अमळनेरला आले तेही आधी तिथं शिकायलाच, शाळेतली नोकरी नंतरची. एखाद्या रविवारी जाऊन ये.

वय ४६. लग्नाआधी एसवायला तत्त्वज्ञान होतं, शिक्षण तिथंच थांबलं. मुलगा आता नोकरीला लागला. पुन्हा सुरू करावंसं वाटतं, पण सासूबाई विचारतात, ‘आता काय परीक्षा देऊन?’
– एक गृहिणी, डोंबिवली

ताई, सासूबाईंना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका, अर्ज भरा. रोज लोकल धरून कॉलेजात जाणं जमणार नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.त तत्त्वज्ञान हा विषय घेता येतो. माध्यम हिंदी किंवा इंग्रजी, वयाची अट नाही. त्यांचं अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट आहे. फी भरण्याआधी दोन-चार पाठ तिथंच वाचून बघा, भाषा झेपते का ते कळेल. जुनी गुणपत्रिका शोधून ठेवा. जुन्या वर्षांचे श्रेयांक नव्या पद्धतीत धरतात की नाही, हे इग्नूच्या मुंबईच्या प्रादेशिक केंद्रात लेखी विचारा, तोंडी उत्तरावर विसंबू नका.

तुमचं पत्र सहा पानी होतं आणि त्यातली साडेचार पानं गीतेतल्या निष्काम कर्मावर मला विचारलेल्या शंका होत्या. त्या इथं छापायला जागा नाही. पत्ता कळवलात तर वेगळं लिहिते. तिसऱ्या शंकेशी मी सहमत नाही.