मेंबरशिप घ्यावी का, असं विचारलंस म्हणून

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, पण दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं म्हणून राहिला. एसीएम किंवा आय ट्रिपल ई, या कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या व्यावसायिक सोसायट्यांची मेंबरशिप घेऊ का, रेझ्युमेवर बरी दिसेल का, एवढंच विचारलंयस. दुसऱ्या भागाचं आधी सांगून टाकते: काही फरक पडत नाही. मी आजवर जेवढे इंटरव्ह्यू घेतले त्यात ती ओळ वाचून कोणाला घ्यावंसं वाटलंय असं एकदाही झालं नाही, पैसे भरले की मिळणारी गोष्ट आहे ती, तिच्यातून माणूस काय कळणार.

पहिल्या भागाचं मात्र जरा लांबण लागेल, वाच सवडीने.

मी स्वतः चार वर्षं नुसती फी भरली. कार्ड यायचं, ड्रॉवरमध्ये जायचं, मासिक यायचं, रॅपरसकट पडून राहायचं. पाचव्या वर्षी भरायचीच नाही असं ठरवलं होतं तेवढ्यात चाप्टरच्या, म्हणजे सोसायटीच्या स्थानिक शाखेच्या, एका जुन्या मेंबरने गळ घातली, की दर महिन्याच्या व्याख्यानाची नोटीस पाठवायचं काम तेवढं तू घे, बाकी काही नाही. नोटीसच तर पाठवायचीय, म्हणून हो म्हटलं. तिसऱ्याच महिन्यात खोली ऐनवेळी बदलली, मी झाडून सगळ्या मेंबरांना कळवलं आणि वक्त्यालाच कळवायचं राहिलं. तो बिचारा जुन्या खोलीत लॅपटॉप लावून वीस मिनिटं रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसला आणि इकडे आम्ही अकरा जण वरच्या मजल्यावर त्याची वाट बघतोय, शेवटी वॉचमनने गाठ घालून दिली. मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. पण माणूस हसला नुसता, आणि व्याख्यान झाल्यावर तासभर माझ्याशी बोलत उभा राहिला, फ्लोटिंग पॉइंटवर, म्हणजे कॉम्प्युटर अपूर्णांकांची गणितं कशी करतो त्यावर. तो आमच्या थेट स्पर्धक कंपनीत होता बरं का. माझ्या ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये असा तास कधी आला नसता, आणि आला असता तर आधी कोणीतरी लीगलला विचारलं असतं.

तर फ्लोटिंग पॉइंट. ०.१ मध्ये ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ येतात हे बघितलं असशीलच, त्यावर मीम्स पण भरपूर आहेत, लोक जावास्क्रिप्टला नावं ठेवून मोकळे होतात. पण पायथनमध्ये करून बघ, जावात बघ, डबल नावाचा अपूर्णांकांचा प्रकार वापरून सीमध्ये बघ, शेवटच्या चारापर्यंत तेच उत्तर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप, वेगवेगळ्या भाषा, आणि चुकतात त्या सगळ्या एकाच ठिकाणी, एकाच आकड्याने. हे आपोआप झालेलं नाहीये. आधी असं नव्हतंच. काही मशीनवर एखादी अगदी बारकी संख्या बेरजेत आणि तुलनेत शून्य नसायची, पण गुणाकारात शून्य व्हायची, म्हणजे तू शून्य आहे का ते तपासून भागाकार केलास तरी प्रोग्राम आपटायचाच. म्हणून लोक आधी १.० ने गुणून बघायचे, शून्य झालं का म्हणून. आणि दुसऱ्या काही मशीनवर त्याच १.० च्या गुणाकाराने शेवटचे चार बिट, म्हणजे बायनरी आकडे, उडायचे. म्हणजे एकीकडचा उपाय दुसरीकडे अपाय! प्रोग्राम एका मशीनवरून दुसरीकडे न्यायचा म्हणजे सगळी गणितं परत तपासायची.

हे मिटलं ते आय ट्रिपल ईच्या कमिटीत. विल्यम काहान नावाचा गणिताचा प्रोफेसर, इंटेलच्या ८०८७ चिपच्या अंकगणितावर सल्ला देत होता, त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी मसुदा मांडला, आणि डेकने, म्हणजे त्या काळातली मोठी कंपनी, त्यांनी विरोध केला, कारण त्यांच्या मशीन ज्या पद्धतीने चालायच्या ती वेगळी होती. भांडण मुख्यतः एका मुद्द्यावर, की संख्या लहान होत होत गेली तर तिला एकदम शून्य करून टाकायचं की हळूहळू अचूकता कमी करत न्यायचं. शेवटी डेकनेच एका नावाजलेल्या तज्ज्ञाला नेमलं, की बाबा या हळूहळूच्या पद्धतीचा काही उपयोग आहे का ते तपासून सांग. त्याने तपासलं आणि १९८१ च्या एका बैठकीत येऊन सांगितलं की हळूहळूचीच पद्धत बरोबर आहे. नेमणाऱ्यांच्या विरुद्ध! हा भाग त्या वक्त्याने मला सांगितला तेव्हा तो अक्षरशः हात उडवून सांगत होता, घरच्या लग्नातली गोष्ट सांगावी तसं. १९८५ ला ते आय ट्रिपल ई ७५४ नावाचं स्टँडर्ड, म्हणजे सगळ्यांसाठीचा एकच ठरलेला नियम, म्हणून मंजूर झालं, आणि गंमत म्हणजे काहानला त्याबद्दल १९८९ चं ट्युरिंग अवॉर्ड, कॉम्प्युटर सायन्समधलं सगळ्यात मानाचं बक्षीस, दिलं ते दुसऱ्या सोसायटीने, एसीएमने.

मला यातून जे दिसलं ते असं की कंपनीच्या आत ही गोष्ट होऊच शकत नव्हती. एका कंपनीने ठरवलं असतं तर दुसरीने ऐकलं नसतं, सरकारने ठरवलं असतं तर बहुतेक चुकीचं ठरवलं असतं (हा माझा पूर्वग्रह, असू दे). असं टेबल लागतं जिथे तू कुठल्या कंपनीचा पगार घेतेस किंवा घेतोस ते सगळ्यांना माहीत असतं, पण बोलायचं ते गणिताने बोलावं लागतं. इथरनेट, वायफाय हे पण तसंच, आय ट्रिपल ईच्याच ८०२ नावाच्या कमिटीत, १९८० पासून आजतागायत चाललंय, त्यात नाही शिरत आता.

आणि हे फक्त स्टँडर्डचं नाही. तुझ्या डीबीएमएसच्या, म्हणजे डेटाबेसच्या, पुस्तकातलं टेबल, की, जॉइन हे सगळं जिथून निघालं तो एडगर कॉडचा पेपर १९७० साली एसीएमच्या मासिकात आला, त्याच मासिकात १९६८ ला डायक्स्ट्राचं गोटूवाल्यांना, म्हणजे प्रोग्राममध्ये इकडून तिकडे उडी मारायची आज्ञा वापरणाऱ्यांना, झोडपणारं पत्र, १९७८ ला आरएसए या माहिती गुप्त ठेवायच्या पद्धतीचा पेपर. म्हणजे मी जे रॅपरसकट फेकत होते ना, तेच मासिक. कॉलेजमधला कॉम्प्युटर सायन्सचा सिलॅबस कसा असावा याचा पहिला मोठा आराखडा पण एसीएमचाच, १९६८ चा. कोणीतरी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर, फुकटात, बसून हे केलेलं आहे. संपादक, रिव्ह्यू करणारे, कमिटीवाले, बहुतेक सगळे बिनपगारी. हे कळल्यावर "मला काय मिळेल" हा प्रश्न विचारताना जरा जीभ अडखळते.

पण विचार तू तरीही, विचारायलाच पाहिजे. काय मिळणार नाही ते सांगते. ही युनियन नाही. लेऑफ झालं तर सोसायटी येऊन भांडणार नाही, पगार वाढवून देणार नाही. डॉक्टर वकिलांसारखं लायसन्सही नाही, तुझा कोड कितीही वाईट असला तरी तुझा कीबोर्ड काढून घ्यायचा अधिकार कोणाकडे नाही. लायसन्स असावं का यावरून १९९९ च्या सुमाराला या दोन सोसायट्यांचंच आपसात फाटलं होतं, एसीएमने सांगितलं की सॉफ्टवेअरला लायसन्स द्यावं एवढं हे शास्त्र अजून पिकलेलं नाही, लायसन्स दिलं तर लोकांना खोटा भरवसा वाटेल. मला तेव्हा ते पळवाट वाटलं होतं, आता तितकं वाटत नाही, पण पूर्ण पटलेलंही नाही.

लायसन्स नाही म्हणून मग उरतं काय, तर कोड ऑफ एथिक्स, म्हणजे या धंद्यात कसं वागावं याची नियमावली. हसू नकोस. मी पण हसायचे. २०१८ ला एसीएमने आपला कोड नवा केला आणि त्याच वर्षी एक अभ्यास आला, त्यात विद्यार्थ्यांना आणि काम करणाऱ्या डेव्हलपरना पेचाचे प्रसंग दिले होते, काहींना आधी कोड वाचायला दिला, काहींना नाही, आणि दोघांच्या निर्णयात काही फरकच दिसला नाही. म्हणजे भिंतीवर लावून उपयोग शून्य, हे सिद्धच झालंय म्हण. तरी मला तो एकदा उपयोगी पडला. एका नोकरीत युजरचं लोकेशन न विचारता लॉग करायचं फीचर आलं, "पुढे लागलं तर असावं" म्हणून. मला ते खटकत होतं पण मीटिंगमध्ये मी "मला बरोबर वाटत नाही" एवढंच म्हणू शकत होते, आणि त्याला उत्तर येतं की तुला काय वाटतं त्याने रोडमॅप ठरत नाही. पुढच्या मीटिंगला मी कोडमधला प्रायव्हसीचा भाग प्रिंट काढून नेला, त्यात साफ लिहिलंय की गरजेपुरतीच माहिती गोळा करा, आणि लोकांना कळू द्या की काय गोळा करताय. वाचून दाखवला. कोणाचं मन वगैरे बदललं नाही. पण वाद "तिला वाटतं" वरून "धंद्यातल्या लोकांनी असं ठरवलंय" वर आला, आणि टेबलावरच्या आणखी एकाने तोंड उघडलं, मग दुसऱ्याने. फीचर आलं ते शेवटी विचारून. कोडने केलं असं म्हणणार नाही मी, पण त्या दिवशी मी एकटी नव्हते एवढं खरं.

एसीएम सुरू करणाऱ्यांतला एक, एडमंड बर्कली, हा विमा कंपनीतला माणूस होता. १९४७ ला संस्था काढली, आणि १९७२ ला संस्थेच्या पंचविसाव्या वर्षाच्या मेजवानीत उभा राहून त्याने शस्त्रं बनवायच्या कामात असलेल्या आपल्याच मेंबरांना सुनावलं, काही जण उठून निघून गेले. सोसायटी म्हणजे सगळे गुण्यागोविंदाने, असं नसतं. पण ते भांडायला जागा तीच होती.

आता सावधगिरीचं. तुझा पहिला पेपर कुठेही छापून आला की इनबॉक्समध्ये "आदरणीय संशोधक" सुरू होईल. इंटरनॅशनल अमकी फोरम, आजीवन फेलो, बेस्ट यंग सायंटिस्ट, फक्त फी भरा. २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी आपोआप निरर्थक पेपर लिहिणारा प्रोग्राम केला, एससीआयजेन, आणि त्यातला एक पेपर एका कॉन्फरन्सने घेतलाही. खऱ्या सोसायट्यांनीही फार नाक वर करू नये, २०१४ मध्ये त्याच प्रोग्रामने लिहिलेले शंभराहून जास्त पेपर आय ट्रिपल ईच्या संग्रहातून काढावे लागले होते. मग ओळखायचं कसं? मी तीन गोष्टी बघते: पदाधिकारी निवडणुकीने येतात का आणि हरलेला उमेदवार कोण होता ते सापडतं का, हिशेब जाहीर होतो का, आणि तुझा पेपर नाकारण्याची त्यांच्यात धमक आहे का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. मला आलेला सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे एका नकाराबरोबर आलेला चार पानी रिव्ह्यू, कोणी लिहिला ते आजही माहीत नाही, आठवडाभर मी त्या माणसाला शिव्या घातल्या आणि मग त्याचं एकेक म्हणणं बरोबर निघत गेलं.

फक्त पेपर वाचण्यासाठी मेंबरशिप घेत असशील तर नको घेऊस. युझनिक्स या आणखी एका कॉम्प्युटरवाल्या सोसायटीचे पेपर २००८ पासून सगळ्यांना फुकट आहेत, एसीएमनेही २०२२ मध्ये पहिल्या पन्नास वर्षांचं सगळं उघडं केलं, तेवढंच वाचायला जन्म पुरणार नाही. आणि इतकी वर्षं हे कुलूप होतं याचा मला अजून राग आहे, फुकटात लिहिलेलं, फुकटात तपासलेलं आणि वाचायला पैसे, पण तो विषय काढला की मी थांबत नाही.

माझं ऐकशील तर असं कर. अख्ख्या सोसायटीकडे बघू नकोस, ती फार मोठी आहे, तुझ्या विषयाचा गट बघ, ग्राफिक्स, डेटाबेस, प्रोग्रामिंग लँग्वेज, जे असेल ते. विद्यार्थ्यांची फी कमी असते, ती एक वर्ष भर. कॉन्फरन्सला स्टुडंट व्हॉलंटियर म्हणून अर्ज कर, बॅज वाटायचं आणि माइक घेऊन धावायचं काम असतं पण फी माफ होते, आणि ज्यांची नावं पेपरवर वाचली ती माणसं पार्किंग कुठे आहे विचारत तुझ्यासमोर उभी असतात, मग भीती जाते. आणि आर्टिफॅक्ट इव्हॅल्युएशन नावाचा प्रकार शोध. पेपरबरोबर दिलेला कोड खरंच चालतो का, पेपरात म्हटलेले आकडे येतात का हे तपासणाऱ्या कमिट्या, २०११ पासून सुरू झाल्या, आणि त्यांना तुझ्यासारखे नवे लोकच हवे असतात, कारण मोठ्या लोकांना दुसऱ्याचा कोड बिल्ड करत बसायला वेळ नसतो. एकदा करून बघ, छापील पेपरबद्दलची भाबडी श्रद्धा एका दुपारी उतरेल.

वर्षभरात यातलं काहीच केलं नाहीस तर पुढच्या वर्षी फी भरू नकोस, माझ्यासारखी चार वर्षं घालवू नकोस.

आमच्या चाप्टरचं पुढचं व्याख्यान पंधरा दिवसांनी आहे, ऑनलाइन पण दिसेल, लिंक पाठवते. नोटीस पाठवणारी मुलगी नोकरी बदलून गेली, ती जागा सध्या रिकामी आहे, हे आपलं सहज सांगून ठेवलं. घेतलीस तर पहिला मेल वक्त्याला टाकायचा, मग मेंबरांना.