तीन वर्षांची पदवी म्हणून घाबरू नकोस

अरे, तुझी बी.एस्सी. तीन वर्षांची, मग परदेशात पुढच्या शिक्षणाला कोण विचारणार, असं कुणी म्हणालं तर लगेच हातपाय गाळू नकोस. इंग्लंडमधली मुलं ए-लेव्हललाच, म्हणजे आपल्या बारावीच्या टप्प्यालाच, बहुधा तीन विषयांवर येतात. विद्यापीठात थेट मुख्य विषय, म्हणून पदवी तीन वर्षांत. अमेरिकेत इतिहास, लेखन, गणित असं बरंच आधी करावं लागतं, म्हणून चार. स्कॉटलंडची ऑनर्स पदवीही चारच वर्षांची! १९९९च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर, म्हणजे युरोपातल्या देशांनी पदव्यांची रचना जुळवायचं ठरवल्यानंतर, तिथे वर्षाला साधारण ६० क्रेडिट (अभ्यासाच्या भाराचं माप), पदवीला १८० ते २४०. म्हणजे तीन किंवा चार वर्षं, दोन्ही चालतात. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आपल्याकडेही चौथं वर्ष आलंय. ते घ्यायचं का, हे पुण्यातल्या एजंटला विचारू नकोस. जिथे जायचंय त्या विद्यापीठाची प्रवेशाची अट स्वतः वाच. आणि ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे आपल्या विद्यापीठाकडून मिळणाऱ्या सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्ज वेळेत टाक.