काउंटी एक, शाळा दोन: घर कुठे घ्यायचं?

ताई, नमस्कार. आम्ही व्हर्जिनियात, फेअरफॅक्स काउंटीतल्या हर्नडनला भाड्याने राहतो. मुलगी दुसरीत आहे. यंदा घर घ्यायचं ठरवलंय आणि त्यावरून घरात रोज वाद होतात. हर्नडनमध्येच एक टाउनहाऊस आम्हाला आवडलंय, पण तिथल्या प्राथमिक शाळेचं रेटिंग १० पैकी ४ आहे. मुलगी आजही त्याच शाळेत जाते. नवऱ्याला याच काउंटीतल्या व्हिएन्ना गावातलं जुनं, लहान घर हवंय, कारण तिथल्या शाळेला ९ आहेत. दोन घरांच्या किमतीत सव्वादोन लाख डॉलरचा फरक आहे. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, मी त्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-फोर ईएडी या कामाच्या परवान्यावर अर्धवेळ काम करते. व्हिएन्नाला गेलो तर मला पूर्णवेळ नोकरी धरावी लागेल. नवरा लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातला. अकरावी-बारावीला लातूरला खोली करून राहिला आणि इंजिनीअर झाला. तो म्हणतो, शाळेच्या बाबतीत तडजोड नाही. एडिसनच्या वन्संचंही तेच मत. मंडळातल्या एका मैत्रिणीने तर चारचौघींत विचारलं, "त्या शाळेतली मुलं बघितलीस का?" माझ्या मुलीचं काही बिघडलेलं मला दिसत नाही. पण माझंच चुकत असेल तर?
– हर्नडनची आई

माझं मत आधीच सांगते. हर्नडनचं घर घ्या. का ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुला ते नवऱ्यासमोर मांडता येईल.

तुझ्या नणंदेपासून सुरुवात करते. ती एडिसनला राहते, आणि तिथल्यापुरतं तिचं म्हणणं खरं आहे. न्यू जर्सीत बहुतेक गावांचं शाळाखातं, म्हणजे डिस्ट्रिक्ट, आपापलं असतं. एका गावाची वेस ओलांडली की बजेट वेगळं, पगार वेगळे, शाळामंडळ वेगळं. व्हर्जिनियात तसं नाही. फेअरफॅक्स काउंटीची सगळी मिळून एकच शाळाव्यवस्था आहे, तिच्यात पावणेदोन लाखांहून जास्त मुलं शिकतात. व्हिएन्नाचा घरमालक काउंटीला भरतो तो मालमत्ता कर आणि हर्नडनचा भरतो तो, दोन्ही काउंटीच्या एकाच तिजोरीत जातात. त्या तिजोरीतल्या मुख्य निधीचा निम्म्याहून अधिक भाग शाळांवर खर्च होतो. दोन्ही शाळांतल्या शिक्षकांना वेतनश्रेणी एकच, अभ्यासक्रम एकच. इतकंच काय, ज्या शाळेत गरीब घरांतली मुलं जास्त, तिथे काउंटी जास्तीचे शिक्षक देते आणि सुरुवातीच्या इयत्तांचे वर्ग लहान ठेवायला राज्यही पैसे देतं. तेव्हा "चांगला डिस्ट्रिक्ट सोडू नका" हा सल्ला तुम्हाला लागूच होत नाही. तुमच्या दोन्ही घरांचा डिस्ट्रिक्ट एकच आहे.

मग ४ आणि ९ कुठून आले? या रेटिंगचा मोठा आधार राज्याच्या परीक्षांचे गुण असतात. व्हर्जिनियात त्या परीक्षांना एसओएल म्हणतात आणि त्या तिसरीपासून सुरू होतात. घरी इंग्रजी बोलणारे, पदवीधर आईवडील असलेली मुलं जिथे जास्त, तिथे पास होणाऱ्यांचं प्रमाण जास्त. जिथे निम्मा वर्ग घरी स्पॅनिश बोलतो आणि काही मुलं दोन वर्षांपूर्वीच देशात आली आहेत, तिथे ते कमी. वर्गात शिक्षक काय शिकवतात याचा त्या आकड्यात वाटा आहे, पण तो थोडा. स्टॅनफर्डचे प्राध्यापक शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या परीक्षांचे निकाल वर्षानुवर्षं तपासले. त्यांना दिसलं ते असं, की सरासरी गुण कुटुंबांच्या सांपत्तिक स्थितीशी घट्ट बांधलेले आहेत, पण मुलं दरवर्षी किती पुढे सरकतात याचा त्या स्थितीशी फारसा संबंध नाही. शिकागोच्या सार्वजनिक शाळांना लोक नावं ठेवतात, तिथली मुलं त्या पाच वर्षांत साधारण सहा वर्षांएवढं शिकत होती. सरासरी गुण बघितले असते तर हे कुणाच्या लक्षात आलं नसतं.

तुझी मुलगी रेटिंगची सरासरी घेऊन शाळेत जात नाही. ती तुमच्या घरातून जाते, जिथे पुस्तकं आहेत आणि दोन माणसं रोज तिच्याशी बोलतात. व्हिएन्नातल्या नवांपैकी बराचसा भाग अशाच घरांनी बनलेला आहे. तो तुमच्याकडे आधीच आहे, त्यासाठी सव्वादोन लाख मोजायची गरज नाही.

शाळाशाळांत फरक नसतोच, असं मी म्हणणार नाही. गरीब वस्तीतल्या शाळांतून शिक्षक लवकर बदलून जातात, मुख्याध्यापक टिकत नाहीत, आणि याचे परिणाम मुलांवर होतात. म्हणून शाळा बघायचीच, पण नीट बघायची. राज्याच्या शिक्षण खात्याची 'स्कूल क्वालिटी प्रोफाइल्स' नावाची साइट आहे. तिथे एकूण निकालावर थांबू नकोस, गटवार निकाल उघड. दोन्ही शाळांतल्या आशियाई मुलांचे निकाल शेजारी शेजारी ठेवून बघ. मग आर्थिकदृष्ट्या दुर्बळ मुलांचेही ठेव. हा दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो, कारण ज्या मुलांना घरून मदत मिळत नाही त्यांना शाळा काय देते ते त्यात दिसतं. गैरहजेरीही तपास. शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती, हा आकडा तिथेच मिळतो. तो फुगलेला असेल तर वर्गाची घडी बसत नाही, शिक्षक कितीही चांगले असोत.

पण तुझ्याजवळ जे आहे ते व्हिएन्नाची जाहिरात वाचणाऱ्या कुणाजवळही नाही. मुलगी त्याच शाळेत शिकते आहे. तिच्या बाईंना वेळ माग आणि तिघं बसा, नवऱ्याला घेऊनच जा. विचार, की ती वाचनात वर्षाच्या सुरुवातीला कुठे होती आणि आता कुठे आहे. वर्गाच्या पुढे असलेल्या मुलाला तुम्ही काय देता, हे विचार. मुख्याध्यापक किती वर्षं आहेत, गेल्या उन्हाळ्यात किती शिक्षक सोडून गेले, हे ऑफिसात विचारायला लाजू नकोस. उत्तरं गोलमोल आली, बाईंना मुलीबद्दल काही ठोस सांगता आलं नाही, तर माझा सल्ला बदलेल आणि मी तुला हर्नडनमध्येच दुसऱ्या शाळेच्या हद्दीत घर शोध म्हणेन. व्हिएन्ना तरीही नाही.

आता नवऱ्याबद्दल. त्याला हट्टी म्हणू नकोस. खेड्यातून लातूरला गेला म्हणून त्याचं आयुष्य बदललं, हे त्याने स्वतः जगलेलं सत्य आहे. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून खोलीचं भाडं भरलं असेल, आता आपली पाळी, असं त्याला वाटत असणार. त्याच्या या भावनेचा मान राख आणि मग त्याला फरक दाखव. लातूरला एका परीक्षेच्या गुणांवर सगळं ठरायचं आणि त्या परीक्षेची तयारी करून घेणारं गाव ते होतं. इथे कॉलेज प्रवेशाच्या वेळी अनेक विद्यापीठं मुलाला त्याच्याच शाळेच्या संदर्भात बघतात: त्या शाळेत कोणते कठीण विषय उपलब्ध होते आणि त्यातले याने कोणते घेतले. नवांच्या शाळेतली मधल्या फळीतली मुलगी आपोआप वर उचलली जात नाही.

काउंटीच्या आतल्या वाटाही त्याला माहीत नसतील. दुसरीच्या मुलांची इथे क्षमता चाचणी होते आणि निवडलेल्या मुलांना तिसरीपासून प्रगत अभ्यासक्रमाचा पूर्णवेळ वर्ग मिळतो. त्यासाठी व्हिएन्नाचा पत्ता लागत नाही, हर्नडनच्या मुलीलाही तो मिळतो. तुमची मुलगी नेमकी दुसरीत आहे, तेव्हा शाळेत याची चौकशी याच आठवड्यात कर. पुढे विज्ञान-तंत्रज्ञानासाठी निवडक मुलांनाच प्रवेश देणाऱ्या थॉमस जेफरसन हायस्कूलचा, म्हणजे टीजेचा, विषय निघेलच, आपल्या घरांत तो निघतोच. तिथली जुनी प्रवेशपरीक्षा २०२० च्या शेवटी बंद झाली. नव्या पद्धतीत प्रत्येक मिडल स्कूलला तिच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखलेल्या आहेत. त्यावर खटला झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला. तुमची मुलगी आठवीत जाईपर्यंत नियम पुन्हा बदलू शकतील, म्हणून टीजेवर नजर ठेवून घर घेऊ नका. पण व्हिएन्नाला गेलो की टीजे जवळ आलं, हा समज नवऱ्याच्या मनात असेल तर तो काढून टाक.

पैशाबद्दल मी कडक बोलणार आहे. एच-वन-बीवर नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तुझी ईएडी त्याच्या व्हिसावर उभी आहे. दोन पगारांशिवाय हप्ता फिटणार नाही असं घर या स्थितीत घेणं मला धोक्याचं वाटतं. शिवाय आज तू साडेतीनला घरी असतेस. मुलगी आल्या आल्या जे बोलते, रडते, दाखवते, ते ऐकायला तू असतेस. पूर्णवेळ नोकरी तुला स्वतःला हवी असेल तर जरूर कर, मी टाळ्या वाजवीन. पण पत्रात तू ती करावी लागेल असं लिहिलं आहेस.

आणि तुझी मैत्रीण. "त्या शाळेतली मुलं बघितलीस का?" हे वाक्य मला फार लागलं. ती मुलं सात वर्षांची आहेत. कुणाचे वडील छपरं बांधतात, कुणाची आई ऑफिसं झाडते. कुणाची मुलं कुणाशेजारी बसणार, यावरून या राज्यात शाळांना कुलपं लागली आहेत. काळी आणि गोरी मुलं एकत्र शिकू नयेत म्हणून प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ पासून १९६४ पर्यंत आपल्या सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. खुद्द फेअरफॅक्समध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी पहिलं हायस्कूल निघालं ते १९५४ साली, ल्यूथर जॅक्सन यांच्या नावाने. त्याआधी त्या मुलांना हायस्कूलसाठी काउंटीबाहेर, वॉशिंग्टनला नाहीतर मनासासला जावं लागे. नागरी हक्कांच्या त्याच लढ्याच्या वाऱ्यावर १९६५ चा स्थलांतर कायदा झाला आणि आपल्या लोकांना इथे दार उघडलं. त्या मैत्रिणीशी भांडायला जाऊ नकोस, पण पुढच्या वेळी मान खालीही घालू नकोस. "हो, बघितली. त्यातल्या दोघी माझ्या मुलीच्या मैत्रिणी आहेत," एवढंच सांग. खरंच कुणी मैत्रीण असेल तिची, तर तिला एका शनिवारी घरी जेवायला बोलाव, तिच्या आईसकट.

एक शेवटची, पण महत्त्वाची गोष्ट. घराच्या जाहिरातीत शाळेचं नाव लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नकोस. एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन शाळांत जाऊ शकतात. शिवाय काउंटीने २०२४ मध्ये सगळ्या शाळांच्या हद्दींचा आढावा हाती घेतला, तेव्हा आजची रेघ कायमची धरता येत नाही. व्हिएन्नाच्या नवांसाठी जास्तीचे पैसे मोजण्यातला हा धोका नवऱ्याला नक्की सांग. टाउनहाऊससाठी ऑफर देण्याआधी त्याचा पूर्ण पत्ता काउंटीच्या साइटवर टाकून प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल, तिन्ही तपास, आणि शाळेच्या ऑफिसात फोन करून खात्री करून घे.

तुझी ताई